एका खटल्याचे दोन नंबर

डेलमार रस्कला मारणाऱ्याने आधी त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती. करंगळीपासून सुरुवात करून एकेक, अशी चार. अंगठा तेवढा शाबूत होता. मग टायर काढायच्या लोखंडी पान्याने डोकं फोडलं, आणि तो पडल्यावरही फोडतच राहिला. शनिवारी संध्याकाळी सात वाजता शेजारीण चुकून तिच्याकडे आलेलं त्याचं टपाल द्यायला गेली, तेव्हा तो राहायचा त्या ट्रेलरच्या पायऱ्यांवर रक्त ओघळलेलं होतं.

टॅमरॅक काउंटीत कुणी डोळे पुसले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी याच डेलमारने दारूच्या नशेत गाडी हाणत जनेल कोवाल्केला समोरून धडक दिली होती. इस्पितळातली पाळी संपवून घरी निघालेली नर्स ती. चार दिवस तडफडून गेली. आठ वर्षं तुरुंगात काढून डेलमार सुटला आणि तीन आठवड्यांत मेला. त्याच रात्री जनेलच्या नवऱ्याला, नॉर्बला, अटक झाली. नॉर्बच्या मुठींना डेलमारचं रक्त होतं आणि त्याने ते नाकारलंही नाही. सगळं कसं अगदी चोख जमलं होतं.

मंगळवारी सकाळी नॉर्बची मुलगी टेसा ऑगस्टा लिंडक्विस्टच्या कचेरीत आली. कचेरी म्हणजे मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानावरची एक खोली. जिना चढताना आमिषाच्या गांडुळांचा वास यायचा. ऑगस्टाला सगळी काउंटी गस्सी म्हणे. एकतीस वर्षं तिने कोर्टात कारकुनी केली, निवृत्त झाली आणि घरी बसवेना म्हणून खाजगी तपासाचा परवाना काढला. तिचा जोडीदार रॉइस टिबेट्स हा शेरीफच्या, म्हणजे काउंटी पोलिसांच्या, खात्यातला माजी डेप्युटी. अंगाने कोठार, मनाने लोणी आणि डोक्याने बरा.

"मिसेस लिंडक्विस्ट, डॅडनी नाही मारलं त्याला."

"सगळ्यांच्या मुली हेच म्हणतात, पोरी. बस."

"दोन ठोसे मारले, असं ते स्वतःच सांगतात. पण खून नाही. आणि तरी शुक्रवारी सकाळी गुन्हा कबूल करून सही करणार आहेत."

"का?"

"खटला चालला तर आईचे फोटो पुन्हा कोर्टात लावतील. मला ते बघायला लागू नयेत म्हणून." टेसाने बाहीने डोळे पुसले. "आई गेली. आता बाप जन्मभर आत. मी एकोणीस वर्षांची आहे आणि मला घरात एकटीला भीती वाटते."

गस्सीने चष्मा काढून पुसला. तिला गहिवर आला की ती चष्मा पुसायची. "बोटं कशाला मोडली?"

"अं?"

"बायकोचा सूड घ्यायला गेलेला माणूस डोकं फोडेल. एकेक बोट मोडत बसणार नाही. बोटं मोडतात ती काहीतरी वदवून घ्यायला. रॉइस, तो डोनट खाली ठेव आणि गाडी काढ."

गाडी रॉइस डावीकडे बसून चालवे, गस्सी त्याच्या उजवीकडे बसे. तिचा उजवा खांदा वर्षभर धरलेला होता आणि तिच्या बाजूचा पट्टा नेमका त्याच खांद्यावरून खाली उतरे.

"मेला हा पट्टा! तुझं बरंय, तुझा डाव्या खांद्यावरून येतो."

"मग तू इकडे बसून चालव."

"या खांद्याने मला चाक फिरवता येत नाही. हाण तू."

तुरुंगात नॉर्बला समोर आणलं तेव्हा त्याचा डावा डोळा बंद होता आणि पुढचे दोन दात नव्हते. बरगड्या धरून तो खुर्चीत टेकला.

"काय झालं?"

"जिन्यावरून पडलो."

"हा तुरुंग एकमजली आहे, नॉर्ब."

नॉर्बने तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत बोलू लागला. "शनिवारी दुपारी डेलमारचा फोन आला. ये म्हणाला, काहीतरी दाखवायचंय. पाचला गेलो. दारातच म्हणतो कसा, 'नॉर्ब, त्या रात्री गाडी मी चालवत नव्हतो.' कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केलेला माणूस, गस्सी! आणि आता मी नव्हतोच म्हणतो! माझं डोकं फिरलं. दोन ठेवून दिल्या तोंडावर. पडला. हातातले कागद विखुरले, ते लाथाडले मी आणि निघून आलो."

"कसले कागद?"

"बघितले कुणी!"

दारात मुख्य डेप्युटी लाइल ब्रँडव्होल्ड येऊन उभा राहिला. हे तोंड कुणाला अनोळखी नव्हतं. नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक होती आणि गावातल्या प्रत्येक खांबावरून लाइल हसत होता. प्रत्यक्षातही तसाच हसला.

"गस्सी, जुनी खपली कशाला काढतेस? शुक्रवारी संपतंय सगळं."

"नऊ वर्षांपूर्वी डेलमारला तूच पकडलंस ना?"

"ड्युटी संपवून घरी चाललो होतो. देवानेच पाठवलं म्हणायचं." त्याने मान खाली घातली. "जनेलचा हात माझ्या हातात होता."

"डेलमारच्या ट्रेलरमध्ये काही कागद सापडले?"

"कागद? पिझ्झाची रिकामी खोकी सापडली. हवी असली तर घेऊन जा."

बाहेर आल्यावर रॉइस म्हणाला, "भला माणूस आहे. माझ्या आईच्या दफनाला आला होता."

"निवडणुकीला उभे राहणारे सगळ्यांच्याच दफनाला जातात."

रेकॉर्डखोली कोर्टाच्या तळघरात होती. जुन्या खटल्यांची संगणकावर एकेक ओळ असे: नाव, नंबर, गुन्हा, निकाल. बाकीचं सगळं कागदावर, लोखंडी खणांमध्ये. खण इतके जड की बंद करायला कमरेचा धक्का द्यावा लागे. त्या सगळ्यावर ओपल यानसेनचं राज्य.

"अर्ज भर," ओपल म्हणाली. "आणि 'कारण' हा रकाना रिकामा सोडलास तर परत करीन. रिकाम्या रकान्याचा अर्ज मी घेत नाही."

"ओपल, वीस वर्षं मी तुझ्या शेजारी बसलेय."

"तेव्हाही रिकामे सोडायचीस."

मनुष्यवधाच्या खटल्याची फाईल आली. नंबर एफ-२७. वरच डेलमारचा अर्ज होता, गेल्या गुरुवारचा. कारणाच्या रकान्यात वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'त्या रात्री मी काय केलं ते मला आठवत नाही. वाचायचं आहे.'

गस्सीने पुन्हा चष्मा पुसला.

"दिवसभर बसला होता," ओपल म्हणाली. "ओठ हलवत वाचत होता. काही पानांच्या प्रती करून घेतल्या. परत देताना मी पानं मोजली. एक्केचाळीस. ही बघ माझी सही."

गस्सीने थुंकी लावून पानं मोजली. एकोणचाळीस. नऊ आणि दहा नंबरची पानं गायब होती. ओपलचा चेहरा पांढरा पडला.

"गुरुवारनंतर ही फाईल कुणी मागितली?"

"कुणीच नाही. मागितली असती तर अर्ज आत असता."

"आणि ज्यांना अर्ज लागत नाही ते?"

"न्यायाधीश, सरकारी वकील आणि शेरीफची माणसं. ती सरळ आत शिरतात. त्यांच्या मागे मी कशाला फिरू?"

रॉइस लाइलचा जुना अहवाल मोठ्याने वाचू लागला. "'ड्युटी संपवून माझ्या गाडीने घरी जात असता रात्री बारा पन्नासला अपघात दिसला. गाडी रस्त्याकडेला लावून धावलो. डेलमार रस्क स्टिअरिंगमागे बेशुद्ध, तोंडाला दारूचा वास. सव्वाला गस्तीची गाडी आली. आरोपीला घेऊन मी तिच्यातूनच तुरुंगात गेलो आणि पहाटे चारपर्यंत तिथेच होतो.' झालं. यात काय आहे?"

"खटला दाखल झाल्याची तारीख बघ."

"पंधरा फेब्रुवारी."

"अपघात अकराच्या रात्री. जनेल गेली पंधराला. ती जाईपर्यंत मनुष्यवधाचा गुन्हाच नव्हता. मग तोवर डेलमार कुठल्या नंबरावर आत होता?"

"आत होता म्हणजे होता."

"नंबराशिवाय या इमारतीत उंदीरसुद्धा आत राहत नाही. ओपल, आता नंबराने नको. नावाने शोध."

ओपल हसलीच म्हणायची, फक्त ओठ हलले नाहीत. "गुरुवारी मी त्यालाही हेच म्हटलं होतं."

तिने आणलेली फाईल चतकोर होती. नंबर टी-११८. दारू पिऊन वाहन चालवणे, तिसरी वेळ. दाखल बारा फेब्रुवारी, रद्द पंधरा फेब्रुवारी. जनेल जिवंत होती तोवर तो रहदारीचा गुन्हा होता. ती गेल्यावर नवा खटला, नवा नंबर. कागदांच्या प्रती नव्या फाईलीत गेल्या, मूळ कागद या रद्द फाईलीतच राहिले. रद्द खटल्याकडे कोण बघतो? एफ-२७ च्या अनुक्रमणिकेशी ताडलं, तर गहाळ झालेल्या दोन्ही पानांचे मूळ कागद इथे धडधडीत होते.

पहिला कागद तुरुंगात दाखल करतानाचा. त्यावर माणसाची छापील आकृती आणि जखमांच्या खुणा. कपाळावर फुली. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरकी रेघ, शेजारी शब्द: 'नीळ'. खाली नोंद: 'नर्सच्या खोलीत १.४० ते २.४०. टाके.'

दुसरी दारूच्या चाचणीची पट्टी, फुंकायच्या मशीनमधून निघालेली. 'वेळ २.१०. तपासनीस ब्रँडव्होल्ड. खोलीतली हवा: दोष. चाचणी रद्द.' त्याखाली: 'वेळ ३.१५. तपासनीस हॉलोवे. खोलीतली हवा: ठीक.' आणि डेलमारच्या श्वासातल्या दारूचा आकडा, मर्यादेच्या तिप्पट.

"हॉलोवे शेजारच्या गावातला," रॉइस म्हणाला. "हे मशीन आधी खोलीतली हवा ओढून बघतं. हवेतच दारू असली तर पुढे सरकत नाही. आमच्या वेळी फार रुसायचं ते."

"अस्सं. ओपल, आता उरलेली नावंही बघू. त्या रात्रीशी ज्याचा ज्याचा संबंध आला तो प्रत्येक जण."

आमच्या गावाला वेगळं कोर्ट नाही. पार्किंगच्या दंडापासून खुनापर्यंत सगळं याच यादीत येतं, आणि कागद जाळले तरी यादीतली ओळ राहते. नॉर्बच्या नावावर परवान्याविना हरणाची शिकार. हॉलिस मेरिकच्या नावावर, म्हणजे डेलमार त्या रात्री ज्याच्या बारमध्ये पीत होता तो, अल्पवयीनांना बिअर विकणे. लाइल ब्रँडव्होल्डच्या नावावर बर्फाच्या रात्री रस्त्यावर गाडी ठेवण्याचा दंड: १२ फेब्रुवारी, पहाटे २.०५, मेन स्ट्रीट. रॉइस टिबेट्सच्या नावावर बदकांना...

"ते वाचायची गरज नाही," रॉइस घाईघाईने म्हणाला.

बुधवारी दुपारी ते मेन स्ट्रीटवरच्या हॉलिसच्या बारमध्ये गेले. काउंटरमागे भिंतीवर खिळ्यांची रांग आणि दोन खिळ्यांवर गाडीच्या किल्ल्या लटकत होत्या. गिऱ्हाईक फार चढवून बसलं की हॉलिस किल्ली काढून घ्यायचा, सकाळी परत द्यायचा. चांगली चाल होती. सगळ्या काउंटीत त्याचं कौतुक व्हायचं.

"डेलमार आला होता का इथे, सुटल्यावर?"

"गुरुवारी संध्याकाळी. सोडा प्यायला फक्त. म्हणाला, त्या रात्री माझ्याबरोबर कोण निघालं होतं? मी म्हटलं, कोर्टात सांगितलं तेच सांगतो. तू एकटाच पुढच्या दाराने गेलास."

"आणि तो येऊन गेल्याचं तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? इथे जेवायला येतात त्यांच्यापाशी बोललो असेन. मिल कामगार, ट्रकवाले, पोलीस. वर्दी उतरली की त्यांनाही तहान लागते."

गस्सीने भिंतीकडे हनुवटी केली. "त्या रात्री डेलमारची किल्ली खिळ्यावर होती, हॉलिस?"

हॉलिस ग्लास पुसत होता. तोच ग्लास त्याने आणखी दोनदा पुसला. "नऊ वर्षं झाली. मला नाही आठवत."

बारमधून निघाल्यावर सहा मैलांवर, जंगलातल्या वळणाच्या आधी, मागून एक बिननंबरी ट्रक आला. पुढे लोखंडी गज बसवलेला. रॉइसने हात बाहेर काढून वाट दिली. ट्रकने वाट घेतली नाही. त्याने मागून ठोकर दिली, मग बाजूने येऊन गाडी ढकलत नेली आणि रस्त्याखाली लोटली. गाडी दोन कोलांट्या खाऊन पाइनच्या झाडावर आदळली. काचा फुटल्या. रॉइसचं कपाळ फाटून कातडं भुवईवर लोंबू लागलं. ट्रक वर थांबला, दार उघडल्याचा आवाज आला. लाकडं नेणारी लॉरी समोरून आली म्हणून ते दार परत बंद झालं, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

"मेलीस का?" रॉइसने विचारलं.

"नाही. तू?"

"बघतो."

गुरुवारी सकाळी गस्सी आरशासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. मग इस्पितळात फोन लावला. "रॉइस, सदरा वर कर आणि सांग, पट्ट्याचा वळ कुठून कुठे गेलाय?"

"डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत. काळानिळा. का गं?"

"माझा उलटा आहे," गस्सी म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी नऊला सरकारी वकील कॉन्स्टन्स एबरसोल नॉर्बच्या कबुलीचा कागद हातात घेऊनच रेकॉर्डखोलीत उतरली. ती दोन वर्षांपूर्वी या काउंटीत आलेली. "मिसेस लिंडक्विस्ट, दहा मिनिटं. वर न्यायाधीश खोळंबलेत."

"पुरेत."

टेसा भिंतीशी उभी होती, नखं खात. हॉलिस कोपऱ्यात. ओपल टेबलामागे. बेड्या घातलेल्या नॉर्बला घेऊन लाइल आला आणि एका उघड्या खणाला टेकून उभा राहिला. डोक्याला पांढरं मुंडासं बांधल्यासारखा रॉइस त्या खणाच्या पुढच्या बाजूला रेलला होता.

"डेलमारची बोटं मोडणाऱ्याला कागद हवे होते," गस्सी म्हणाली. "ट्रेलरमधल्या प्रती त्याने नेल्या. पण हे कुठून मिळाले, हेही त्याला हवं होतं. डेलमार म्हणाला असणार, कोर्टातून. मग तो माणूस इथे आला आणि त्याने एफ-२७ मधून दोन पानं काढली. अर्ज न भरता. नॉर्ब शनिवारपासून आत आहे. त्याला ते जमलं नसतं. हॉलिसला अर्ज भरावा लागला असता. ओपलला दुसरी फाईल माहीत होती. तिने नेली असती तर दोन्ही नेली असती. म्हणजे अर्ज न लागणारा माणूस, ज्याला या खटल्याचे दोन नंबर आहेत हे माहीत नव्हतं."

"दोन नंबर?" वकीलबाईंनी विचारलं.

"मूळ कागद टी-११८ मध्ये सुखरूप आहेत. चार बोटं मोडून घेतली बिचाऱ्याने, पण दुसरा नंबर तोंडातून काढला नाही." तिने गळ्याशी हात नेऊन सदऱ्याची दोन बटणं काढली. उजव्या खांद्यापासून जांभळा वळ खाली तिरका गेला होता. "परवा आम्हाला कुणीतरी रस्त्याखाली लोटलं. मी शेजारच्या सीटवर होते. माझा वळ उजव्या खांद्यावरून आहे. चालवणाऱ्याचा, रॉइसचा, डाव्या खांद्यावरून. आणि त्या रात्री तुरुंगात डेलमारच्या अंगावर जो वळ नोंदला, तो माझ्यासारखा आहे. डेलमार शेजारी बसला होता. गाडी दुसराच कोणी चालवत होता."

नॉर्बच्या बेड्या खळखळल्या.

"कोण?" टेसा ओरडली.

"सांगते, पोरी. त्या रात्री चाचणीसाठी तपासनीस मशीनपाशी बसला. दोन वाजून दहा मिनिटं. मशीनने खोलीतली हवा ओढली आणि हवेत दारू आहे म्हणून चाचणी रद्द केली. कुणाच्या तोंडची दारू? डेलमार तर दोन चाळीसपर्यंत नर्सकडे टाके घालून घेत होता. तो खोलीत नव्हताच. सव्वातीनला शेजारगावचा हॉलोवे आला, मशीनपाशी झिंगलेला डेलमार बसला, आणि तेच मशीन हवा ठीक आहे म्हणालं. फरक एवढाच, की आधीचा तपासनीस उठून गेला होता."

सगळ्यांच्या माना लाइलकडे वळल्या. तो हसला, खांबांवरच्यासारखाच. "मशीन बिघडलेलं होतं. या म्हातारीच्या डोक्यावर आपटलंय काहीतरी."

"आपटलंय खरं. तुझ्या अहवालात तू म्हणतोस, तुझ्या गाडीने घरी चालला होतास, गाडी रस्त्याकडेला लावलीस आणि गस्तीच्या गाडीतून तुरुंगात गेलास. चारपर्यंत हललाच नाहीस. मग दोन वाजून पाच मिनिटांनी तुझ्या गाडीला मेन स्ट्रीटवर दंड कसा झाला? बर्फाच्या रात्री बर्फ काढणारं यंत्र फिरायचं असतं, लावलेल्या गाड्या हलवाव्या लागतात. तू हलवली नाहीस, कारण ती बारसमोर ठेवून तू डेलमारच्या गाडीत बसला होतास. आणि पुढे शहाण्यासारखा दंडही भरलास, म्हणून यादीत राहिलास."

"हॉलिस," गस्सीने मान वळवली, "किल्ली खिळ्यावर होती का?"

हॉलिसने मान डोलावली. "मीच काढून घेतली होती. लाइलच्या हातात दिली. म्हटलं, याला घरी सोड. लाइल नंतर म्हणाला, डेलमारने किल्ली हिसकावून घेतली माझ्याकडून; तू हे बोललास तर तुझं दुकान बंद होईल. लाइलपण प्यायला होता गं, पण त्याला चढत नाही असं वाटायचं आम्हाला. गुरुवारी डेलमार आला होता हे, आणि परवा तुम्ही आल्याचंही, मीच लाइलला सांगितलं."

"तू त्याला स्टिअरिंगमागे ओढून बसवलंस," नॉर्ब बेड्यांसकट उठला. "जनेल तिकडे मरत होती आणि तू त्याला ओढत होतास!"

पुढचं पापणी लवायच्या आत झालं. लाइलने उजव्या हाताने पिस्तूल काढून टेसावर रोखलं. "जागचं कुणी हलायचं नाही! ती फाईल या खणात आहे ना?" डावा हात त्याने उघड्या खणात घातला आणि टी-११८ चा कोपरा पकडला.

रॉइस हालचालीला हळू आहे. पण सव्वाशे किलो वजनाला घाई लागत नाही. त्याने फक्त कंबर ढकलली.

खण बंद झाला. हाडांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लाइल किंचाळला, पिस्तुलाचा बार उडाला, गोळीने ओपलच्या डोक्यावरचा दिवा फुटला. दुसरी गोळी सुटायच्या आत नॉर्बने बेड्यांची साखळी त्याच्या तोंडावर घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा टेसाने मागून त्याला मिठी मारली.

"डॅड, पुरे. डॅड, पुरे ना!"

नॉर्बचा हात खाली आला.

खण उघडायला रॉइसला कमरेचा जोर लावावा लागला. लाइलच्या डाव्या हाताची चार बोटं मोडली होती. अंगठा तेवढा बाहेर राहिला होता. फाईलीत ओपलच्या कोऱ्या अर्जांशिवाय काहीच नव्हतं. मूळ कागद तिने सकाळीच न्यायाधीशांच्या तिजोरीत ठेवले होते. वकीलबाईंनी कबुलीचा कागद चार ठिकाणी फाडला आणि वर शिपायांना हाका मारल्या.

दुपारी नॉर्बच्या बेड्या निघाल्या. टेसा त्याच्या दंडाला चिकटून होती, दहा वर्षांची असल्यासारखी. नॉर्ब मात्र घरी जाईना. त्याने तो मूळ कागद मागितला आणि आकृतीवरच्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.

"तो मला हेच दाखवत होता," तो म्हणाला. "सगळ्यांत आधी मला बोलावलं त्याने. आणि मी लाथाडलं. मी त्याला मारून निघालो नसतो, तर लाइल आला तेव्हा आम्ही दोघं असतो."

गस्सीने चष्मा काढून पुसला.

"त्याचं प्रेत कुठे आहे?" नॉर्बने विचारलं.

"शवागारात. न्यायला कुणी आलेलं नाही," ओपल म्हणाली.

"काय करायला लागतं?"

ओपलने खणातून अर्ज काढून पुढे सरकवला. नॉर्बने मेलेल्याचं नाव लिहिलं, स्वतःचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. खाली रकाना होता: 'मृताशी नातं'. तिथे त्याचं पेन थांबलं. टेसाने बापाकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. नॉर्बने पेन खाली ठेवलं आणि रकाना तसाच सोडून अर्ज ओपलसमोर सरकवला.

ओपलने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. त्या रिकाम्या रकान्यावर तिची नजर थोडी थांबली. मग तिने शिक्का उचलला आणि मारला.